ताराबाई मोडक आणि शाळेतला पाळणा

ताराबाई मोडक यांचे नाव आपल्या जुन्या घरांतून अजूनही आदराने घेतले जाते. पण ते बहुधा माँटेसरी या शब्दाच्या सोबतीने येते. लाकडी ठोकळे, रंगीत मणी, मुलांच्या उंचीची टेबले आणि दादरच्या शिशुविहारात नातवंडाला मिळालेला प्रवेश, एवढ्यावर आठवण संपते. ते सारे खरे आहे. परंतु वयाची पन्नाशी उलटल्यावर या बाईंनी ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जाऊन जे केले, ते मला त्याहून मोठे वाटते. त्यांनी तान्ह्या मुलाचा पाळणा शाळेच्या आवारात आणून टांगला. तो तेथे का टांगावा लागला, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेर केळकरांचे. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघेही प्रार्थना समाजाच्या वळणातले. मुलींनी शिकावे की नाही, हा वाद त्या घरात उरलेलाच नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सारे समजते. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार जमला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले आणि पदरी लहान मुलगी घेऊन ताराबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. या प्रकरणावर त्या काळी पुष्कळ बोलले गेले असेल. आपण ते सोडून देऊ. मात्र एक गोष्ट सोडून चालणार नाही. मूल सांभाळून काम करणे म्हणजे काय, हे या बाईंना कोणी पुस्तकातून शिकविलेले नव्हते.

प्रथम राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद मिळाले. पगार चांगला, मान मोठा. तेथून भावनगर फार लांब नाही. भावनगरात नानाभाई भट्टांनी १९१० साली काढलेली दक्षिणामूर्ती ही संस्था होती आणि तिच्या आश्रयाने १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मुळात वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथापाशी आले, आणि वकिली सुटली. ताराबाईंनी हे बालमंदिर पाहिले आणि मानाची जागा सोडून त्या भावनगरला गेल्या. हे साधारण १९२३ चे. गुजराती त्यांची भाषा नव्हती. ती त्यांनी शिकून घेतली. इतकी की गिजुभाईंच्या बरोबरीने त्या भाषेत त्यांनी पुस्तके लिहिली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि शिक्षण पत्रिकेचे काम आले.

संस्थानांविषयी आज कोणी काहीही बोलो, आपल्या वाचकांस हे सांगण्याची गरज नाही की अशा कामांना थारा मिळाला तो पुष्कळदा संस्थानांतच. भावनगरला मुलांचे शिक्षण हा विषय टेकडीवर बांधलेल्या एका सुंदर वास्तूत मांडला गेला. मुले तेथे नाचत, गात, नाटके करीत, बागेला पाणी घालीत. भीती आणि बक्षीस या दोन्ही गोष्टींना तेथे मज्जाव होता. मी गाणे शिकविणारा माणूस. छडीने सूर लागत नाही, हे मला ठाऊक होते. पण बक्षिसानेही तो बिघडतो, हे मला गिजुभाई आणि ताराबाईंच्या कामामुळे समजले.

पुढे ताराबाई मुंबईस परतल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. मराठी माध्यमाचे बालमंदिर, आणि त्याला जोडून शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर. हे काम नावारूपाला आले. १९३९ साली स्वतः मारिया माँटेसरी हिंदुस्थानात आल्या, आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांना येथेच राहावे लागले; त्यामुळे बालशिक्षणाच्या चर्चेला त्या वर्षांत जोर आला. परंतु एक आक्षेपही त्याच जोराने पुढे येत होता. हे सारे पैसेवाल्यांच्या मुलांचे झाले. साहित्य महाग, शिक्षिका महाग, इमारत महाग. खेड्यातल्या मुलाने काय करायचे? ताराबाईंनी हा आक्षेप टाळला नाही. गांधीजींच्या नई तालीमच्या विचाराशी त्यांचा संबंध आलेलाच होता. शहरात बसून खेड्याचे उत्तर सापडणार नाही, हे त्यांना पटले, आणि १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतर त्या जिद्दीने शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत शिकवू लागल्या. कस्तुरबा स्मारक निधीच्या बोरिवली येथील शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई ताराबाईंच्या मागे बोर्डीस आल्या, त्या पुन्हा परतल्या नाहीत. या जोडीविषयी लिहिताना मला नेहमी तंबोरा आणि गायक आठवतो. फरक इतकाच की येथे कोण कोणाचा तंबोरा, हे सांगता येत नाही.

बोर्डी म्हणजे समुद्राकाठी चिकूच्या वाड्या आणि आत डोंगराकडे वारली पाडे. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. त्याच १९४५ साली मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्ध लढा पेटला. म्हणजे ताराबाई ज्या मुलखात बालवाडी काढायला गेल्या, तेथे मोठ्या माणसांच्या अंगावरचे जू अजून उतरायचे होते. अशा ठिकाणी मुलाने सकाळी नखे कापून, केस विंचरून, रांगेत बसावे ही अपेक्षाच मुळी कोणाला हास्यास्पद वाटली असती.

गावात बालवाडी निघाली. चांगल्या घरची मुले आली. हरिजनवाड्यातली आली नाहीत. तेव्हा मुले येत नाहीत तर आपण जाऊ, असे ठरवून दोघी बायका वाड्यात गेल्या आणि तेथल्या एका अंगणात बसल्या. मुलांना अंघोळी घातल्या, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. शिंपले, चिंचोके, पाने, बांबूचे तुकडे हेच साहित्य झाले. आज सगळ्या देशाच्या तोंडी बसलेला अंगणवाडी हा शब्द अशा एका अंगणातून निघाला. पुढे ध्यानात आले की थोडी मोठी मुले गुरांमागे रानात असतात. गुरे काही शाळेसाठी थांबणार नाहीत. मग शाळा कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणू लागले. जी दिवसभर मजुरीला जात त्यांच्यासाठी रात्रीचा वर्ग. प्रत्येक वेळी युक्ती एकच होती. मूल का येत नाही, याचे कारण मुलाच्या स्वभावात न शोधता त्याच्या हातात काय काम आहे ते पाहायचे.

आणि असे पाहता पाहता त्यांना सर्वांत अवघड कारण दिसले. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर तान्हे मूल होते. आई भाताच्या खाचरात किंवा वाडीत कामाला. घरात दुसरे कोणी नाही. ही मुलगी शाळेत आली तर मूल कोणापाशी? ती मूल घेऊन आली तर वर्गात रडारड, गुरुजींची चिडचिड, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे येणे बंद. आपल्याकडच्या शिक्षणखात्याच्या बुकात अशा मुलीची नोंद एका शब्दात होत असे: गळती. जणू ती मुलगी म्हणजे छप्परच. ताराबाईंनी हा शब्द स्वीकारला नाही. त्यांनी मुलीला मूल घेऊन येऊ दिले आणि मुलासाठी जागा केली.

१९५० नंतरच्या त्या दशकातच काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. कडेवरचे मूल पाळणाघरात, तीन-चार वर्षांचे बालवाडीत, आणि मोठी बहीण आपल्या वर्गात. ज्या मुलीला काल मूल आणि पाटी यांपैकी एक निवडावे लागत होते, तिला आज दोन्ही मिळाले. शिवाय मधल्या सुट्टीत जाऊन त्याला पाहता आले. मोठ्या मुलींना पाळणाघरात थोडा वेळ मदत करायची असे. त्यामुळे मूल कसे धुवावे, काय भरवावे, ताप आला तर काय करावे हे त्या शिकल्या. या मुलींची लग्ने त्या काळी लवकर होत. म्हणजे चार-पाच वर्षांत त्यांतल्या कित्येक स्वतः आया होणार होत्या, आणि शाळेत शिकलेली ही गोष्ट भूगोलाच्या आधी उपयोगी पडणार होती. तान्ह्या मुलाचा फायदा वेगळाच. ते रांगता रांगता बालवाडीच्या दारात येई आणि शाळा म्हणजे परकी जागा हे भय त्याला कधी शिवलेच नाही.

वाचकांतल्या काहींना हे फार साधे वाटेल. साधेच आहे. आमच्या गाणाऱ्यांच्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माझे वडील दरबारी गवई. विशीत असताना दरबारात त्यांची नेमणूक झाली आणि थोड्याच वर्षांत दरबार उठला. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. घरात तालमीची एकच मोठी खोली, आणि तान्ह्या मुलाची झोळी त्याच खोलीत एका कोपऱ्यात. गंडाबंध शिष्य समोर बसून पलटे घोटीत, आई मधूनच झोळीला झोका देई, आणि तिचेही कान तालमीकडे असत. लग्न होऊन आलेल्या माझ्या थोरल्या वहिनी त्या कोपऱ्यात बसूनच गाणे शिकल्या. त्या वेळी त्यांचे वय सोळा-सतरा, मांडीवर मूल. त्यांना कोणी शाळेत घातले नसते. पण तालमीच्या खोलीतून कोणी उठविलेही नाही. घराण्याच्या रीतीत पुष्कळ दोष होते आणि ते मी जवळून पाहिले आहेत. ही एक गोष्ट मात्र तेथे बरोबर होती.

मी गेली काही वर्षे भोपाळच्या उत्तरेस करोंद भागात राहतो. मोठी धान्यमंडी येथे आहे. हंगामात गव्हाच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात, बायका धान्य चाळतात, सांडलेले वेचतात, आणि त्यांची मुले सावली सापडेल तेथे असतात. या वस्त्यांतल्या मुली माझ्याकडे गाणे शिकायला येतात. दहा-अकरा वर्षांची मुलगी भाऊ कडेवर घेऊनच येते; हे मला नवे नाही, मी सतरंजीच्या कडेला एक गोधडी टाकून ठेवतो. परंतु तीन वर्षांपूर्वी आलेली मुलगी वेगळी होती. वय सतरा. अठरा पुरी होण्याच्या आतच घरच्यांनी तिचे लग्न लावून दिले होते, जे कायद्याने करता येत नाही आणि तरी होते. मूल चार महिन्यांचे. तिचे अकरावीचे नाव शाळेच्या पटावर होते. काही दिवस मूल सासूपाशी ठेवून ती गेली. सासू कामावर जाऊ लागली तेव्हा मूल घेऊन गेली, आणि फाटकातूनच परत फिरविली गेली. शाळेचे नाव मी लिहीत नाही. तेथल्या बाई वाईट नव्हत्या. नियमात तान्ह्या मुलाला रकाना नव्हता, इतकेच.

त्या मुलीचा षड्ज असा लागे की शेजारी तंबोरा ठेवण्याची गरज पडू नये. मूल गोधडीवर निजलेले असे आणि ही भूपाची बंदिश घोटीत असे. शाळा मात्र गेली ती गेलीच. पुढे तिने मुक्त विद्यालयाचा अर्ज भरला. पुस्तके घरी आणून वाचायची, परीक्षेला जाऊन बसायचे. अभ्यास होतो, पण वर्ग, मैत्रिणी, फळ्यासमोर उभे राहून उत्तर देणे, हे काही टपालाने घरी येत नाही. तिच्यासाठी वाचता वाचता मी ताराबाईंच्या कामापाशी आलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे सांगतात की वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते, आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. तेव्हा करोंदची ही मुलगी अपवाद नाही. ती शंभरांतल्या सहा-सात जणींपैकी एक आहे.

परदेशांत हा प्रश्न उघडपणे शाळेचा मानला गेला आहे. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने गरोदर किंवा आई झालेल्या विद्यार्थिनीला शाळेतून काढणे बेकायदा ठरविले. न्यूयॉर्क शहरात काही माध्यमिक शाळांच्या इमारतीतच विद्यार्थी आईबापांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविली जातात. आई वरच्या मजल्यावर गणित शिकते आणि मूल खाली असते. इंग्लंडात विशीच्या आतली आई शिकत असेल तर मूल सांभाळण्याचा खर्च सरकार देते. तेथील समाज आणि आपला समाज निराळा. तेथे ती मुलगी बहुधा अविवाहित असते, येथे बहुधा फार लवकर विवाहित. पण फाटकापाशी दोघींची अडचण एकाच आकाराची असते, आणि तिचे वजन सहा-सात किलो असते.

आपल्याकडे मात्र हे परदेशातून आणावे लागले नसते. ते येथेच, कोसबाडच्या टेकडीवर, मराठीतून झालेले होते. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाड्या निघाल्या. ताराबाईंचा शब्द देशाने घेतला, अंगण घेतले, खाऊ घेतला, लसीकरण जोडले, आणि तेही फार मोठे काम आहे. पाळणा तेवढा मागे राहिला. अंगणवाडीत शिकायला बसते ते तीन वर्षांपुढचे मूल. त्याहून लहानाला आहार मिळतो, वजन होते, आणि ते परत आईच्या किंवा बहिणीच्या कडेवर जाते. दिवसभर त्याला धरून ठेवणारे कोणी बहुतेक अंगणवाड्यांत नसते.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट नमूद आहे की भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे म्हणून पाळणाघरांची सोय केली जाईल. ते वाक्य ज्याने कोणी लिहिले, त्याला विकासवाडी ठाऊक असली पाहिजे असे मला वाटते. पुढे पाळणाघरांच्या योजना आल्या. पण त्या प्रामुख्याने नोकरी-मजुरी करणाऱ्या आयांचा विचार करून आखलेल्या होत्या. शिकणारी आई आणि शिकणारी बहीण या दोघी त्या हिशेबात ओझरत्याच आल्या. २०२० च्या धोरणाने अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणण्याचे सुचविले आहे. ते चांगलेच आहे. पण सतरा वर्षांची आई प्राथमिक शाळेत नसते.

अनुताई ताराबाईंच्या मागे एकोणीस वर्षे जगल्या आणि कोसबाडचे काम त्यांनी शेवटपर्यंत चालविले. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९२ च्या सप्टेंबरात त्या वारल्या. ज्या बाईचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि त्याच सुमारास जिची शाळा कायमची सुटू शकली असती, तिनेच पुढे दुसऱ्यांच्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून टेकडीवर आयुष्य काढले. ताराबाईंची थोरवी सांगताना लोक माँटेसरीचे नाव आधी घेतात. मी अनुताईंचे घेईन. अशी माणसे ओळखून हाताशी धरणे हीही एक विद्याच, आणि ती गुरुमुखातून मिळत नाही.

करोंदच्या आमच्या बाजूला एका शाळेच्या आवारात आता अंगणवाडी आली आहे. भिंतीवर मोर आणि बाराखडी रंगविली आहे, मुले येतात. ती मोठ्यांच्या शाळेच्या आधी मिटते. मधल्या दोन-अडीच तासांत लहान मुलांनी कोठे राहावे, आणि तीन वर्षांखालच्यांसाठी तेथेच एक खोली देता येईल का, हे मी पालकसभेत दोनदा विचारले. एकदा हसून सोडून दिले गेले. दुसऱ्यांदा लेखी द्या असे सांगण्यात आले. लेखी दिले आहे. अर्जाला कोसबाडच्या विकासवाडीची माहिती चार ओळींत जोडली आहे, आणि त्या मुलीने खाली आपले नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.